बी.ए. अर्थशास्त्राची पोरं विचारतात "पुढं काय?" : तालुक्याच्या कॉलेजात शिकवणाऱ्या सरांना सविस्तर उत्तर

सर, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, अर्थशास्त्र शिकवता, पटावर पोरं भरपूर पण रोज येणारी पंधरा-वीस, आणि तिसऱ्या वर्षाची पोरं सारखी विचारून राहिली की सर याचं पुढं काय होते. तुम्ही करिअर गाइडन्सचा कार्यक्रम घेतला, पाहुणे बोलावले, एमपीएससी-बँकिंगच्या पोस्टांची यादी फळ्यावर लिहून दिली, तरी दुसऱ्या दिवशी प्रश्न तोच. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय की आमच्या खेड्यातल्या पोरांसाठी हा विषयच चुकीचा आहे का.

विषय चुकीचा नाही. मी वाशिम आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांत, तालुक्याच्याच कॉलेजांत, सगळी नोकरी हाच विषय शिकवण्यात घालवली, त्यामुळं हे पूर्ण जबाबदारीनं सांगते. पोरगं "पुढं काय" विचारते तेव्हा त्याला यादी नको असते, यादी त्याच्या मोबाइलवर आधीच असते. त्याची खरी अडचण ही असते की तीन वर्षं झाली, सहा सेमिस्टर पास झाली, आणि तरी "मला हे येतं" असं सांगून कोणासमोर ठेवावं असं त्याच्या हातात काहीच नाही. गाइडमधले अपेक्षित प्रश्न पाठ करून मिळालेले मार्क आहेत, तेवढेच. मग कोणतीही पोस्ट त्याला सारखीच लांब दिसते आणि तो ज्या भरतीची जाहिरात निघाली तिचा फॉर्म भरतो. म्हणून माझं म्हणणं असं की तुम्ही मार्गदर्शन वेगळं आणि शिकवणं वेगळं असं ठेवूच नका. पोराला त्याच्याच घरच्या आकड्यांवर अर्थशास्त्र करायला लावा, ते लिहायला लावा, वाटा त्यातूनच दिसायला लागतात.

आता हे कबूल की बरंच काही परिस्थितीवर आहे. घरी थांबायची ताकद किती, म्हणजे पोरगं अजून दोन वर्षं कमावलं नाही तर चालते का. दहावीनंतर गणित सुटलं ते सुटलंच का. इंग्रजी वाचता येते का. आणि पोरगी असेल तर घरच्यांनी लग्नाचं काय ठरवलंय. या चार गोष्टी माहीत नसताना कोणालाही सल्ला देऊ नका. मी पहिल्या वर्षीच प्रत्येकाशी पाच-दहा मिनिटं बोलून या विचारून घेत असे आणि माझ्या डायरीत लिहून ठेवत असे.

मी नेमकं काय करत असे ते एका उदाहरणावर सांगते, कारण बाकी सगळं त्याच्यावरच उभं आहे. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीन विकल्या जाते. मी पोरांना सांगायची की घरच्या विक्रीची पावती आणा, बाजार समितीची असो नाहीतर खेडा खरेदीवाल्याच्या कच्च्या चिठ्ठीवरची असो. मग वर्गात फळ्यावर मांडायचं. २०२५-२६ चा सोयाबीनचा हमीभाव ५३२८ रुपये आहे. समजा गावातला व्यापारी जागेवर नगदी ४२०० देतो. क्विंटलमागे ११२८ चा फरक, दहा क्विंटलवर ११,२८०. आता पोरांना विचारा की तुमच्या बाबांनी ४२०० ला काहून दिलं? पहिलं उत्तर नेहमी येते की कर्ज होतं मॅडम. ठीक, कर्जाचा हिशोब करू. ४०,००० रुपये महिन्याला शेकडा तीन रुपये व्याजानं घेतले असतील तर महिन्याचं व्याज १२००, सरकारी खरेदीत पैसे यायला दोन महिने लागले तरी २४००. गाडीभाडं, हमाली, तोलाई धरा हजार-दीड हजार. म्हणजे एवढं वजा जाऊनही थांबणारा सात हजारांच्या वर फायद्यात राहतो. वर्ग शांत होतो, कारण आता कर्ज हे उत्तर पुरत नाही.

इथं पोरं खरी बोलायला लागतात. कोणी सांगते की ओलावा १२ टक्क्यांच्या वर निघाला तर केंद्रावरून माल परत येते, परतीचं भाडं डोक्यावर. कोणी सांगते की हेक्टरी किती घेणार याची मर्यादा असते. कोणी म्हणते ऑनलाइन नोंदणीत सातबाऱ्यावर पीकपेराच चढला नव्हता. सोंगणीची, म्हणजे कापणीची, मजुरी आणि थ्रेशरचे पैसे त्याच आठवड्यात द्यायचे असतात, हरभरा पेरायचा असतो. आणि मग एखादी शांत बसणारी पोरगी सांगते की मॅडम, आमचा व्यापारी आणि कृषी केंद्रवाला एकच आहे, त्याला माल दिला नाही तर जूनमध्ये बियाणं-खत उधार कोण देईन? बस, हेच ऐकायचं असते. ४२०० हा नुसता सोयाबीनचा भाव नाही, त्यात पुढच्या जूनच्या उधारीची किंमत मिसळलेली आहे. पुस्तकात याला परस्पर जोडलेल्या बाजारपेठा म्हणतात, एम.ए.ला शिकवतात, आणि माझ्या बी.ए. दुसऱ्या वर्षाच्या पोरीला ते कळलेलं असते कारण ते तिच्या घरात घडते. पर्यायी खर्च, जोखीम, हातात नगदी असण्याची किंमत, अपुरी माहिती, हे सगळं त्या एका पावतीतून निघते. तिचे बाबा अडाणी म्हणून तोट्यात विकत नाहीत, त्यांच्यासमोर जे पर्याय आहेत त्यात ते हिशोबानंच वागून राहिले, हेही पोरीला त्या दिवशी समजते, आणि त्यानं तिच्यात काय फरक पडतो ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

तुरीचंही असंच. कोळ्याच्या जाळ्याचा सिद्धांत, म्हणजे या वर्षीच्या भावावर पुढच्या वर्षीचा पेरा आणि त्या पेऱ्यावर पुन्हा भाव, हा आकृती काढून शिकवला की पोरं झोपतात. त्याऐवजी २०१५ पासून सुरू करा, तूरडाळ किलोला दोनशेच्या घरात गेली होती, पुढच्या खरिपात सगळ्यांनी तूर पेरली, पाऊसही बरा झाला, देशाचं उत्पादन २०१५-१६ च्या २५.६ लाख टनांवरून २०१६-१७ मध्ये ४८.७ लाख टनांवर गेलं, बाजारातला भाव ५०५० च्या हमीभावाच्या खाली आला आणि २०१७ मध्ये खरेदी केंद्रांवर ट्रॅक्टरच्या रांगा लागल्या, बारदाना संपला. तुमची आत्ताची पोरं तेव्हा लहान होती पण घरी ते बोलणं झालेलं आहे, विचारून पाहा. हे सांगून झाल्यावर आकृती काढा, मग ती कोणी विसरत नाही.

पुढची पायरी लिहिण्याची, आणि ही सोडू नका, कारण वर्गात बोललेलं तिथंच विरून जाते. दुसऱ्या वर्षात प्रत्येकाकडून एक पाच-सहा पानांचं काम करून घ्या. स्वतःच्या गावातला एकच प्रश्न, आठ-दहा घरांची माहिती, दोन तक्ते, आणि त्यातून काय दिसते ते आपल्या शब्दांत. बचत गटाचं कर्ज नेमकं कशावर खर्च होते, संत्र्याचा बगीचा व्यापाऱ्याला झाडावरच का विकतात, रोजगार हमीवर न जाता पोरं पुण्याला कंपनीत का जातात, असे विषय. त्याला जोडायला सरकारी आकडे मराठीतच मिळतात हे बऱ्याच शिक्षकांना माहीत नसते. अर्थ व सांख्यिकी संचालनालय प्रत्येक जिल्ह्याचं "सामाजिक व आर्थिक समालोचन" काढते, पेरणीखालचं क्षेत्र, सिंचन, बँका, शाळा सगळं तालुकानिहाय असते. पोराला सांगा की २०१५-१६ च्या कृषी गणनेत राज्यातली सरासरी जमीनधारणा १.३४ हेक्टर होती, आता तुझ्या दहा घरांची काढ आणि फरक का आहे ते लिही. ज्याला अजून खोलात जायचं त्याला विदर्भाच्या अनुशेषाचा विषय द्या, १९८४ चा दांडेकर समितीचा अहवाल आणि २०१३ चा केळकर समितीचा, दोघांनी मागासलेपण मोजलं कसं आणि मोजमाप बदललं की उत्तर कसं बदलते. आपल्याकडं या विषयावर भाषणं खूप झाली, आकडे हातात घेऊन बोलणारी पोरं तयार व्हायला पाहिजेत.

आता गणित आणि इंग्रजी, कारण या दोन ठिकाणी आपली पोरं अडतात आणि त्याचं कारण हुशारी नाही. आर्ट्सला अकरावीपासून गणित सहसा नसते, मग टक्केवारीतला बदलसुद्धा नीट काढता येत नाही. मी पहिल्या वर्षी सुरुवातीचे काही तास फक्त टक्के, गुणोत्तर, सरासरी, निर्देशांक आणि उतार एवढंच घेत असे, वरच्यासारखेच घरचे आकडे घेऊन, अभ्यासक्रम थोडा मागं पडला तरी चालते, नंतर भरून निघतो. मोबाइलवरच्या गुगल शीटमध्ये तक्ता आणि आलेख करायला शिकवा, कॉम्प्युटर लॅबची वाट पाहू नका. इंग्रजीसाठी माझा एकच उपाय, महाराष्ट्राची आर्थिक पाहणी दरवर्षी बजेटच्या वेळी मराठी आणि इंग्रजी दोन्हींत येते. तोच तक्ता, तोच परिच्छेद, दोन भाषांत. आठवड्याला एक पान दोन्ही शेजारी ठेवून वाचायचं. वर्षभरात पोराला विषयाचे सगळे शब्द दोन्हीकडून ओळखीचे होतात, वेगळा इंग्रजी स्पीकिंगचा क्लास लागत नाही.

वाटांबद्दल एक गोष्ट फार कळकळीनं सांगते, की पात्रतेच्या अटी तिसऱ्या वर्षी सांगून उपयोग नाही, पहिल्या वर्षी सांगा. नाबार्डच्या ग्रेड ए आणि रिझर्व्ह बँकेच्या ग्रेड बी परीक्षेला पदवीत साधारण ६० टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांगांना सवलत आहे. पोरगं ५६ वर पास झाल्यावर हे कळलं तर काय करणार. नाबार्डच्या परीक्षेत तर आर्थिक-सामाजिक प्रश्न आणि शेती-ग्रामीण विकास असा भागच आहे, म्हणजे जे तो रोज पाहतो तेच. केंद्राच्या एसएससी सीजीएल या पदवीधरांच्या भरती परीक्षेतली ज्युनिअर स्टॅटिस्टिकल ऑफिसर ही पोस्ट घ्यायची तर बारावीला गणितात ६० टक्के नाहीतर पदवीला सांख्यिकी विषय लागतो, आर्ट्सचं पोरगं तिथं विषय निवडतानाच बाद होते किंवा आत येते. ग्रामीण बँकेची परीक्षा मराठीतून देता येते, आणि १ मे २०२५ पासून विदर्भ कोकण ग्रामीण बँक महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली, म्हणजे राज्यात एकच ग्रामीण बँक, हेही पोरांना सांगा, जुनी माहिती फिरत असते.

एम.ए. करायचं असेल तर कुठं हे महत्त्वाचं. घरची ताकद नसेल तर आपल्याच विद्यापीठात करा, काही कमीपणा नाही, पण ज्याचं गणित-इंग्रजी जमून आलंय त्याला सीयूईटी-पीजीचा, म्हणजे एम.ए.च्या सामाईक प्रवेश परीक्षेचा, फॉर्म भरायलाच लावा, जेएनयू, हैदराबाद विद्यापीठ, दिल्ली विद्यापीठ यांची दारं त्यातून उघडतात आणि सरकारी विद्यापीठांची फी खाजगी कॉलेजांच्या मानानं फार कमी असते. पुण्याची गोखले संस्था १९३० पासून आहे, मुंबईला रिझर्व्ह बँकेनं १९८७ मध्ये काढलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था आहे, तिथं गणित भक्कम लागते. भारतीय आर्थिक सेवा, यूपीएससी घेते ती, तिला अर्थशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, वय २१ ते ३० आणि पेपर इंग्रजीतच लिहावे लागतात. जागा थोड्या. ज्याला जायचं त्याला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षापासून तयारी लागते. प्राध्यापकीबद्दल तुम्हाला मी काय सांगू सर, नेट-सेट झालेली किती माणसं तासिकेवर आहेत ते तुम्ही स्वतः जगून राहिले. पोरांना हे लपवू नका. जिला शिकवायचीच ओढ आहे तिला एम.ए.सोबत बी.एड. करायला सांगा म्हणजे ज्युनिअर कॉलेजची वाट उघडी राहते.

आणि नोकऱ्या फक्त परीक्षेतूनच मिळतात असंही नाही. शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशोब, खरेदी आणि बाजारभाव समजणारं माणूस लागते, उमेदमध्ये, म्हणजे बचत गटांचं काम पाहणाऱ्या राज्याच्या अभियानात, प्रभाग पातळीवर कंत्राटी पदं असतात, राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या पाहण्यांना घरोघर जाऊन माहिती घेणारे कंत्राटी लोक घेतात, त्यांचं कार्यालय नागपूरला आहे, मायक्रोफायनान्सवाले तर सतत पोरं शोधत असतात. पगार सुरुवातीला कमी, कंत्राटाची अनिश्चितता आहे, मायक्रोफायनान्समध्ये वसुलीचा ताण फार आहे, हे सगळं सांगा. पण ज्याच्या घरी थांबायची ताकद नाही त्याच्यासाठी पहिली दोन वर्षं हे काम करून मग पुढचं पाहणं हा चांगला मार्ग आहे. इथंच ती पाच-सहा पानं कामी येतात. माझी एक विद्यार्थिनी मुलाखतीला गेली तेव्हा तिनं बचत गटांवर लिहिलेलं टेबलावर ठेवलं, पुढचे सगळे प्रश्न त्यावरच झाले आणि ती बोलत राहिली, कारण ती घरं तिनं स्वतः फिरलेली होती.

स्पर्धा परीक्षेचं वेगळं सांगावं लागेल. तुमच्याकडची निम्म्याहून जास्त पोरं तिकडंच जाणार, अडवू नका, अडवून थांबतही नाहीत. फक्त त्यांच्याकडून त्यांच्याच वहीत हिशोब करून घ्या. अमरावतीला रूम, मेस, अभ्यासिका मिळून समजा महिन्याला सात हजार, वर्षाचे ८४ हजार. शिवाय या काळात तो महिन्याला दहा हजार कमावू शकला असता तर तेही १ लाख २० हजार गेले, म्हणजे एका वर्षाची खरी किंमत दोन लाखांच्या वर. आता विचारा, किती वर्षं? आकडा त्यानंच लिहायचा, सही करायची, आणि ती वही त्याच्याजवळच राहू द्यायची. चौथ्या वर्षी "इतकी वर्षं गेली, आता कसं सोडू" असं पोरं म्हणतात तेव्हा बुडीत खर्च शिकवलेला असेल तर निदान बोलायला जागा राहते. गेलेली वर्षं परत येणार नाहीत, निर्णय पुढच्या वर्षाचा घ्यायचा आहे, हे एखाद्या खचलेल्या पोराला समजावून सांगणं हे आपल्या विषयाचं फार मोठं काम आहे. आणि २०२५ पासून राज्यसेवेची मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली, म्हणजे लिहायची सवय असलेल्या पोरांना तिथंही आधार आहे, गट ब आणि क च्या परीक्षांत अर्थव्यवस्थेचा भाग आहेच.

पोरींच्या बाबतीत एकच, वेळ त्यांच्या बाजूनं नसते. बी.ए. झालं की स्थळं सुरू होतात, कधीकधी त्याच्या आधीच. मी पालकांना भेटायला जायची तेव्हा "तिला शिकू द्या" असं मोघम कधी बोलले नाही, त्यानं काही होत नाही. अमुक परीक्षा अमुक महिन्यात आहे, फॉर्म भरलाय, निकाल मार्चमध्ये येईन, तोपर्यंत थांबा, असं तारखेसकट बोललं की वडील विचार करतात. आणि ज्यादा तास संध्याकाळी ठेवू नका. पाचची एसटी गेली की पुढची नसते, मग पोरीच गळतात. कॉलेजच्या वेळेतच, दोन तासांच्या मधे घ्या.

आता तुमचं स्वतःचं. तासिकेवरच्या मानधनात हे सगळं अंगावर घ्या असं मी म्हणणार नाही. पण नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटीला, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या जागी घ्यायच्या प्रशिक्षणाला, क्रेडिट आहेत आणि बऱ्याच कॉलेजांत ते कागदोपत्री उरकल्या जाते. विभागप्रमुखांना भेटून तेवढं काम तुमच्याकडं मागून घ्या, म्हणजे वेगळा वेळ लागत नाही आणि पोरांना मार्कही मिळतात. ओजेटीसाठी तालुक्यातली शेतकरी कंपनी, बाजार समिती, पतसंस्था, जिल्हा सांख्यिकी कार्यालय यांना कॉलेजच्या लेटरहेडवर पत्र द्या, दहापैकी दोन-तीन तरी हो म्हणतात. तुमच्याच कॉलेजची जी जुनी पोरं बँकेत, उमेदमध्ये, कुठं कुठं लागली त्यांचा एक ग्रुप करा आणि वर्षातून दोघा-तिघांना बोलवा, बाहेरच्या मोठ्या पाहुण्यांपेक्षा त्यांचं ऐकतात कारण त्यांचं गाव, त्यांचे मार्क सगळ्यांना माहीत असतात.

सुरुवात सोयाबीनच्या पावत्यांपासूनच करा, माल घरात येतो तोच मोका आहे. एक काळजी मात्र पहिल्या दिवसापासून घ्या. पावतीवरचं नाव, कर्ज कोणाकडून घेतलं ते नाव, दोन्ही झाकून मगच वर्गात आणायला सांगा, आणि कोणाच्या घरी किती कर्ज आहे हे सगळ्यांसमोर कधी विचारू नका, आकडे चिठ्ठीवर घ्या आणि फळ्यावर तुम्ही लिहा. ज्या पोरांच्या घरी शेतीच नाही, मजुरी आहे, त्यांना सोंगणीचे रोज आणि गुत्त्याचे, म्हणजे ठेक्यानं केलेल्या कामाचे, दर आणायला सांगा, नाहीतर ती पोरं मागच्या बाकावर गप बसून राहतात आणि त्यांनाच या विषयातलं सगळ्यात जास्त सांगण्यासारखं असते. पहिल्या वेळी तीन-चारच पावत्या येतील. तेवढ्यावर घ्या तास.